उंबरगव्हाणात फक्की

गच्चीवर उभं राहून आकाशाकडे बघणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे कुणाचं चांगलं मत होत नाही. तो बेकार असावा, प्रेमात असावा किंवा त्याच्या मानेला काहीतरी झालेलं असावं, एवढेच तर्क लोक करतात. शौनक यांपैकी कशातच बसत नव्हता. तो भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. होता, नाशकातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होता आणि त्या सकाळी गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीच्या गच्चीवर, तळहातावर ड्रोन ठेवून, उपग्रह मोजत होता.

"काय चाललंय रे?" वाळत घातलेल्या चादरीआडून आवाज आला. ढुंढिराज काका सोसायटीचे सचिव होते आणि ते कुठेही समोरून येत नसत.

"उपग्रह मोजतोय, काका."

"दिवसा?"

"दिवसाही असतात. आणखी एक-दोन सापडले की ड्रोनला पक्कं कळतं, आपण कुठे आहोत ते."

"आपण कुठे आहोत ते त्याला कळून काय करायचंय?"

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चांगला होता, म्हणून शौनकने त्याचं सविस्तर उत्तर दिलं. ही त्याची खोडच होती. समोरच्याच्या संशयाला तो जिज्ञासा समजत असे. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चादर काढली, घडी केली आणि ती काखेत मारून खाली गेले. संध्याकाळपर्यंत सोसायटीत एवढंच पोचलं, की शौनकच्या यंत्राला आपण सगळे कुठे कुठे असतो ते कळतं. समोरच्या इमारतीत ऑक्टोबरच्या भर उकाड्यात पडदे लागले. गच्चीवरच्या साबुदाण्याच्या पापड्या अर्ध्या ओल्या असताना घरात गेल्या.

शेजारच्या ललिताकाकू तेवढ्या सहानुभूतीने बोलल्या. "अरे, नवी वस्तू आहे. लिंबू-मिरची तरी बांध."

"काकू, त्याच्या पोटाला सेन्सर आहे. खाली लिंबू लोंबलं तर त्याला वाटेल जमीन आली."

"मग बरंच की! जमिनीजवळ राहील."

यावर भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

खरं म्हणजे तो ड्रोन शौनकचा नव्हताच. महाविद्यालयाने 'ड्रोन छायाचित्रण व लघुपट निर्मिती' असा एक अभ्यासक्रम काढला होता. का काढला, ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या एका महाविद्यालयाने काढला होता, हे कारण पुरेसं होतं. शिकवणार कोण, तर ज्याला उडण्यामागचं शास्त्र येतं तो, असं प्राचार्या मालिनी मॅडमनी ठरवलं. शास्त्र शौनकला येत होतं. उडवायला तो आदल्याच आठवड्यात शिकला होता.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मला फळ्यावरचा ड्रोन नको. मुलांनी स्वतःच्या हाताने उडवला पाहिजे, स्वतः चित्रीकरण केलं पाहिजे. स्नेहसंमेलनात अध्यक्षांसमोर मुलांचा लघुपट दाखवायचा. त्यांना पटला तर अभ्यासक्रम चालू राहील. नाही पटला तर ड्रोन कपाटात, आणि तुम्ही परत अकरावीच्या प्रॅक्टिकलला."

अकरावीच्या प्रॅक्टिकलला म्हणजे स्प्रिंगला वजनं टांगायला. शौनकने ते वर्षभर केलं होतं. मुलं स्प्रिंग ताणून तिची सरळ तार करत आणि मग "सर, ही परत जातच नाही" म्हणून टेबलावर आणून ठेवत. तिकडे पुन्हा जायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

ड्रोन एक आणि मुलं वीस. शौनकने फर्मान काढलं, की प्रत्येकाने जेवणाचा डबा घेऊन मैदानावर यायचं. डबा हाच ड्रोन. तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि चालायचं. "सावकाश! कॅमेरा धावत नाही, तरंगतो. वळताना नुसती मान नको, अख्खं अंग वळवा." वीस मुलं डोक्यावर डबे धरून, अतिशय गंभीर चेहऱ्याने मैदानातल्या गुलमोहराभोवती फिरू लागली. या शास्त्रात त्याला 'ऑर्बिट' म्हणतात. मॅडमना खिडकीतून ते ऑर्बिट दिसलं नसावं, कारण त्यांनी शिपायाला पाठवून विचारलं, की हा मोर्चा आहे की व्रत. आणि मोर्चा असेल तर मागण्या काय आहेत.

"सर," सोमनाथ म्हणाला, "माझ्या ड्रोनमधून आमटी गळतीय."

"म्हणजे तू तिरका झालास. लक्षात ठेव. आकाशात आमटी नसते, तिथे कळणार नाही."

महिनाभरात मुलांचे हात खरोखर स्थिर झाले. त्यातही हर्षालीचे. ती डबा घेऊन जिना उतरली तरी आतलं ताक हलत नसे. लघुपट तिनेच लिहिला होता आणि त्याचं नाव होतं 'एका गावाची सकाळ'. त्यात एकही संवाद नव्हता. एकच सलग दृश्य होतं. मारुतीच्या देवळापासून ड्रोन बोळातून निघतो, घरांच्या अंगणांवरून जातो, हळूहळू वर चढतो आणि शेवटी सबंध गाव खाली पसरलेलं दिसतं. "सर, मध्ये कुठेही कट नाही," ती बजावून म्हणाली, "कट केला की प्रेक्षकाला शंका येते."

आता फक्त गाव हवं होतं, आणि त्याच्यावर आकाश. नाशकात ड्रोन शिकवण्यातली खरी अडचण ही आकाशाची आहे. सरकारच्या नकाशावर लाल भागात उडवायचं नाही, पिवळ्यात विचारून उडवायचं, हिरव्यात खुशाल. लष्कर आणि विमानं यांच्यामुळे नाशिकभोवती लाल-पिवळं एवढं सांडलं आहे, की हिरवं शोधायला बाहेर पडावं लागतं. महाविद्यालय पिवळ्यात होतं. मालिनी मॅडमचं घर लालमध्ये निघालं. ते कळल्यावर त्यांना उगाचच अभिमान वाटला.

शौनक नियमाने चालणारा. कुठलं तरी हिरवं मिळेलच, तेव्हा आधी पोलीस ठाण्यात सांगून ठेवावं, म्हणून तो गेला.

"परवानगी लागत नाही म्हणता?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"हिरव्या भागात नाही लागत."

"मग आलात कशाला?"

"कळवायला."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "माझी एवढी नोकरी झाली. ज्याला परवानगी लागत नाही तो कळवायला आलेला मी अजून बघितला नाही. बसा तिथे."

शौनक बाकावर बसला. त्याच्या एका बाजूला मोबाइल हरवलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला, बहुधा, तो सापडलेला. बऱ्याच वेळाने साहेबांनी विचारलं, "उडवणार कुठे?" "अजून ठरलं नाही." "मग ठरलं की या." तो उठला, तेव्हा सगळं ठाणं त्याच्याकडे असं बघत होतं, की फाटकातून बाहेर पडताना त्याने स्वतःच आपले खिसे चाचपले.

गाव सोमनाथने सुचवलं. "सर, आमच्या उंबरगव्हाणला चला ना. पेठ रस्त्याला, घाटाच्या अलीकडं आत वळायचं. वर काहीच नाही. खाली पण फार काही नाही." नकाशावर उंबरगव्हाण हिरवंगार निघालं. शौनकने ठाण्यात जाऊन तेही कळवलं. "ठरलं का? बरं," साहेब म्हणाले आणि बाकाकडे बोट न दाखवता त्यांनी त्याला सोडून दिलं.

पहिल्या शनिवारी फक्त आखणी करायची होती. क्रीडा विभागातून शौनकने फक्कीचं एक पोतं मागून घेतलं. कबड्डीचं मैदान आखायची पांढरी भुकटी ती हीच. देवळासमोर त्याने आधी ड्रोनचं होकायंत्र जुळवलं. त्यासाठी ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक फेरी घ्यायची असते, मग उभा धरून दुसरी. शौनक डोळे ड्रोनवर लावून संथपणे गोल फिरत होता आणि पारावरची मंडळी बघत होती.

"कुणाला ओवाळतोय?"

"जागेची शांत करीत आसंल. मोठं काम दिसतंय."

मग त्याने फक्कीने एक गोल काढला, ड्रोन उतरवायला. इथे थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण मुलांना रस्ता दिसावा म्हणून त्याने त्या गोलापासून गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत फक्कीची एक सरळ रेघ मारली. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर सरळ रेषेत असतं, हे त्याला माहीत होतं. उंबरगव्हाणात ते आजवर कुणी अमलात आणलं नव्हतं. रेघ बोळातून निघाली, साळूबाईंच्या ओट्याचा कोपरा कापून गेली, पुंजाबाबांच्या गोठ्यातून पार झाली आणि सरपंच चांगुणाताईंच्या न्हाणीच्या भिंतीवर जाऊन आपटली. कुणी हरकत घेतली नाही. बायका पदर सावरून बाजूला झाल्या. पुरुषांनी वाटेतल्या बादल्या उचलल्या. शौनकला वाटलं, किती शिस्तीचं गाव आहे!

पुंजाबाबा म्हणजे सोमनाथचे आजोबा. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि उरलेलं पोतं आपल्या पडवीत ठेवून घेतलं. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "परत कधी म्हनायचं, साहेब?"

"पुढच्या शनिवारी. उडवायला."

"रेघ जिथं आसंल तिथूनच जाईल ना ते?"

आपली आखणी एका वडीलधाऱ्याने इतक्या बारकाईने समजून घेतली याचा शौनकला आनंद झाला. "अगदी रेघेवरून," तो म्हणाला. "इंचभर इकडे नाही की तिकडे नाही."

पुढच्या शनिवारी बस वळणावर आली आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला. उंबरगव्हाण पांढरं झालं होतं. घराघराभोवती रेघा होत्या. अंगणाला होत्या, उकिरड्याला होत्या, एका उभ्या ट्रॅक्टरला होती. पोतं कधीच संपलं असावं, कारण काही रेघा रांगोळीच्या होत्या, काही राखेच्या, काही चुन्याच्या, आणि साळूबाईंच्या तांदळाच्या पिठाच्या, ज्या कोंबड्या मन लावून टिपत होत्या. साळूबाई एका हाताने कोंबड्या हाकलत होत्या आणि दुसऱ्या हाताने पीठ सोडत होत्या. पुंजाबाबा गोठ्याच्या पुढे, बोळाच्या बरोबर मध्ये, बाज टाकून बसले होते. बाजेच्या चारही पायांभोवती फक्की होती.

"हे काय आहे?" शौनकने विचारलं.

सोमनाथ खाली बघत राहिला. "सर, मागं पलीकडच्या गावात गावठाणाची मोजणी झाली ना. आधी माणसं आली, त्यांनी घराघराच्या हद्दीला फक्की मारली, मग ड्रोन आला. ज्याची रेघ जिथं, त्याची हद्द तिथंच कागदावर चढली, असं आमच्यात म्हणतात. आता तुम्ही पण आधी फक्की मारली आणि ड्रोन आणतो म्हणालात."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना, ही कॉलेजची फिल्म आहे म्हणून?"

"सांगितलं ना. आजोबा म्हणाले, साहेबानं तुला असंच सांगायला सांगितलं आसंल." तो जरा घुटमळला. "सर... खरंच मोजणी नाहीये ना?"

शौनक काही बोलणार एवढ्यात हर्षालीने ड्रोन वर सोडलाही होता. "सर, आत्ता थांबवू नका! काय प्रकाश आहे! काय रेघा आहेत!" तिचे हात दगडासारखे स्थिर होते. ड्रोन बोळातून निघाला, आणि तो ज्या घरावर येई तिथली माणसं धावत येऊन आपापल्या रेघेवर ताठ उभी राहू लागली. एका म्हाताऱ्याने म्हैस आणून रेघेवर उभी केली. म्हशीने वर बघितलं. मग ड्रोन चढत गेला, आणि एवढासा होऊन गावाच्या डोक्यावर थांबला. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर शौनकला फक्त स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

ड्रोन गोलात उतरला आणि त्याभोवती अख्खं गाव उभं राहिलं.

"आता वाचून दाखवा," पुंजाबाबा म्हणाले.

"काय?"

"काय म्हंजे? कुणाची किती भरली ते."

शौनकने शांतपणे समजावायला सुरुवात केली. आपण सरकारी नाही, मोजणीचे नाही, ही मुलं विद्यार्थी आहेत, ही फिल्म त्यांच्या स्नेहसंमेलनात दाखवायची आहे. गाव ऐकत होतं, आणि जसजसं ऐकत होतं तसतसा त्याचा संशय पक्का होत होता. "सरकारचा माणूस कधी म्हनतो का, मी सरकारचा म्हनून?" कुणीतरी मागून विचारलं, आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा शौनकने शास्त्राचा आधार घेतला. हीच त्याची त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक. "अहो, या कॅमेऱ्याने मोजणी होऊच शकत नाही," तो कळकळीने म्हणाला. "भिंगामुळे कडेच्या गोष्टी वाकतात. यातून माप काढलं तर दोन फुटांपर्यंत चूक येईल. दोन फूट जास्त किंवा दोन फूट कमी."

सगळ्यांनी आधी आपापल्या रेघेकडे पाहिलं, मग शेजाऱ्याच्या.

"दोन फूट?" साळूबाई पुढे आल्या. पुंजाबाबा त्यांचे भासरे, म्हणजे मोठे दीर. त्यांच्याशी त्या थेट बोलत नसत, तशी रीतच होती. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासूनचं सगळं भांडण त्यांना कुणाच्या तरी मार्फत करावं लागलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि शौनककडे तोंड केलं. "त्यान्ला विचारा, आमच्या वट्ट्याचा कोपरा यांच्या गोठ्यानं खाल्लाय तो किती हे? दोनच फूट हे! ते तुमचं जास्तीचं माझ्याकडं टाका आन कमी त्यांच्याकडं."

"तिला सांगा," पुंजाबाबा बाजेवरून शौनकलाच म्हणाले, "पीठ सांडून कुनाची जागा होत नाय. आन साहेब, परवा तर इंच म्हनला हुता. आता दोन फूट कुठून आलं? मधल्या दिसांत तिच्याकडं जेवायला गेल्तं का?"

"मी कुणाकडेही जेवलो नाही!"

"मंग चहा माझ्याकडंच पिला ना? तरीबी कमी माझ्याकडं?"

"बाबा, कमी कुणाकडेच नाही. ती शक्यता असते. चूक दोन्ही बाजूंना सारखी संभवते."

"म्हंजे समद्यांचंच दोन फूट जानार!" मागून हाकाटी झाली, आणि मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. वीस मुलांनी नकळत आपापल्या पिशव्या डोक्यावर धरल्या होत्या.

शेवटी सरपंच चांगुणाताई पुढे आल्या. त्यांच्या हाताला अजून चुना होता. "गप बसा रे. सर, ह्याच्यात जे उतरलंय ते कशात ऱ्हातं?" शौनकने मेमरी कार्ड काढून दाखवलं. नखाएवढं कार्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि कमरेच्या बटव्यात टाकून बटव्याची दोरी ओढली. "तुम्ही म्हनता फिल्लम हे. ऱ्हाऊ द्या. तुमच्या संमेलनाला समदं गाव येतं. तिथं समद्यांसमोर लावायची, जशी हे तशी. मधलं काय कापायचं नाय, आन काय जोडायचं नाय. तवर हे गावाकडं."

हर्षाली म्हणाली, "कापायचं नव्हतंच." शौनक म्हणाला, "पण आत काय आलंय ते आम्हीसुद्धा पाहिलेलं नाही!" चांगुणाताई म्हणाल्या, "मंग चांगलंच हे. आम्हीबी नाय."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी उंबरगव्हाण दोन पिकअप भरून आलं. इस्त्रीचे कपडे, कोऱ्या टोप्या. पुढच्या रांगा संस्थेच्या विश्वस्तांसाठी राखून ठेवल्या होत्या. गाव तिथे बसलं, कारण मागून रेघ दिसत नाही. मालिनी मॅडमनी शौनककडे पाहिलं. संस्थेचे अध्यक्ष मनोजभाऊ आले, त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि शास्त्र विभागाच्या लघुपटाला एवढी माणसं कशी, म्हणून पहिला संशय तिथेच घेतला. शौनक सारखा चांगुणाताईंच्या बटव्याकडे बघत होता. कार्डात काय आहे कुणास ठाऊक. कदाचित सबंध वेळ म्हैसच असेल.

चांगुणाताईंनी बटव्यातून कार्ड काढून दिलं. दिवे गेले.

पडद्यावर देऊळ आलं. बोळ आला. हर्षालीचा हात खरोखर सुंदर चालला होता. अंगणं, तुळशी, बाज, वर पाहणारी म्हैस, सगळं पाण्यावरून गेल्यासारखं सरकत गेलं. मग ड्रोन चढू लागला, आणि सबंध गाव खाली पसरलं.

खालून जी एकेका घराची हद्द होती, ती वरून एकमेकांवर चढलेली दिसत होती. रेघा एकमेकींच्या पोटात शिरल्या होत्या. मारुतीचं देऊळ तीन घरांच्या मालकीचं होतं. शाळा पुंजाबाबांच्या गोठ्यात होती. पाण्याचा नळ चांगुणाताईंच्या न्हाणीत गेला होता. रस्ता कुठेच नव्हता. शौनकने सवयीने मनातल्या मनात बेरीज केली. सगळ्यांची हद्द खरी धरली तर उंबरगव्हाण हे उंबरगव्हाणच्या दीडपट भरत होतं.

दिवे लागले, पण पडद्यावर ते शेवटचं दृश्य तसंच होतं. टाळ्या झाल्या नाहीत. अध्यक्ष उठून माइकपाशी गेले.

"हे एआय आहे," ते म्हणाले.

"नाही, सर!" शौनक उभा राहिला.

"माझा नातू रोज असलं करून दाखवतो. परवा मला हत्तीवर बसवलं होतं त्यानं. हे बघा, असं गाव असतं का कुठं? घरं आहेत आणि रस्ताच नाही. माणसं चालतात कुठून?" ते मालिनी मॅडमकडे वळले. "मॅडम, मुलांना हे शिकवायचं असेल तर आपल्याला ड्रोन कशाला पाहिजे? बंद करून टाका तो कोर्स."

हर्षाली लॅपटॉपमागून उठून उभी राहिली. शौनकने फाइलची वेळ, तारीख, उंची, सगळं सांगितलं. "ते पण बनवता येतं," अध्यक्ष म्हणाले. मग शौनकने पुढच्या रांगांकडे हात केला. "सर, हे गाव इथेच बसलंय. ज्यांनी रेघा मारल्या त्यांनाच विचारा."

अध्यक्षांनी विचारलं, "काय मंडळी? या रेघा तुम्ही मारल्या?"

आणि गाव गप्प बसलं. शौनकला त्यांची अडचण क्षणात कळली. हो म्हणावं तर दुसऱ्याची जागा ओढल्याचा कबुलीजबाब, तोही माइकवर, एका अनोळखी साहेबासमोर. कोण जाणे, खरा मोजणी अधिकारी हाच असेल. पुंजाबाबा आपल्या टोपीची शिवण तपासू लागले. चांगुणाताई छताच्या पंख्याकडे बघत होत्या. शौनकच्या डोळ्यांसमोर स्प्रिंग लोंबू लागली.

"बघा," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "कुणाच्याच नाहीत. कॉम्प्युटरने मारलेल्या रेघा. आणि त्यालाही धड जमल्या नाहीत. त्या डाव्या हाताच्या घराजवळची बघा, किती वेडीवाकडी! मध्येच तुटलीय, मध्येच नाहीच. पोरखेळ नुसता."

"कुनाची वाकडी?"

साळूबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर पुढे ओढलेला, हात कमरेवर. "कुनाची वाकडी म्हनला? माझी हे ती रेघ! झुंजुमुंजू झाल्यापून कंबर मोडून मारलीय. कोंबड्यांनी खाल्ली तिथं तुटली, माझा काय दोष? कापुटर मारतोय व्हय? त्याला म्हनावं, ये एकदा आन पाटीभर पीठ सोडून दाव!"

अध्यक्षांनी माइक थोडा दूर धरला. तोवर पुंजाबाबा उठले होते. "हिची खरी म्हन्ता मंग माझी काय खोटी हे का? शाळेच्या मागची माझी! सरळ, दोरी लावून मारल्याली!"

"दोरी लावून शाळा आत घेतली का, त्यान्ला विचारा!" साळूबाई अध्यक्षांना म्हणाल्या.

"तिला विचारा, मारुती काय तिला हुंड्यात आला का?" पुंजाबाबाही अध्यक्षांनाच म्हणाले.

मनोजभाऊंनी सवयीने एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायला तोंड उघडलं आणि ते मधोमध अडकले. आता प्रत्येक जण उठून आपली रेघ ओळखून दाखवत होता. ही राखेची आमची, तो ट्रॅक्टर आमचा, ती म्हैस आमची आणि ती उभी आहे ती जागाही आमची. "नळ कुनी आत घेतला?" असं कुणीतरी ओरडलं, तसा चांगुणाताईंनी पंखा सोडला आणि त्याही भांडणात उतरल्या. हर्षालीने कुणी न सांगता वरून दिसणारं गाव पडद्यावर थांबवून धरलं होतं. माणसं पडद्यापाशी जाऊन बोटं लावत होती. मागच्या रांगांतली मुलं बाकांवर चढून टाळ्या वाजवू लागली.

"पटलं!" अध्यक्ष माइकमध्ये ओरडले. "पटलं, पटलं! खरं गाव आहे! मॅडम, कोर्स चालू ठेवा, पण यांना आवरा!"

आवरायला अर्थात कुणी गेलं नाही. चहा आला तेव्हा ते आपोआप थांबलं. पुढच्या वर्षासाठी मुलांची नावं घ्यायला सांगून मालिनी मॅडम निघून गेल्या. जाताना त्यांनी शौनककडे पाहिलं, आणि या वेळी त्या पाहण्यात काही आक्षेपार्ह नव्हतं. हर्षाली कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. सोमनाथ तिला सामोसा देत होता.

शौनक खुर्चीत कोसळला. हातात कप आला तेव्हा त्याला जाणवलं, की आज पहिल्यांदाच आपल्याकडे कुणी संशयाने बघत नाहीये. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर पुंजाबाबा येऊन टेकले. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि खुर्ची जवळ ओढली.

"साहेब," ते कुजबुजले, "आता समदं झालं. फिल्लम झाली, हारतुरं झालं. आता हितं कुनी नाय. आता तरी खरं सांगा. मोजनी कधी लागतीय?"

शौनकने तोंड उघडलं. आपण सरकारी नाही, ही मुलं विद्यार्थी आहेत, भिंगामुळे कडेच्या गोष्टी वाकतात, हे सगळं क्रमाने त्याच्या जिभेवर आलं. त्याने पुंजाबाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चहाचा एक घोट घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अशास्त्रीय उत्तर दिलं.

"कळवतो," तो म्हणाला.

पुंजाबाबांचा चेहरा उजळला. त्यांनी शौनकच्या गुडघ्यावर थाप मारली.

"हां," ते म्हणाले, "आता कसं सरकारी मानसावानी बोलला!"